डावा ॲक्सल बाहेर असताना

मी, गल्लीत ‘वक्ते’ म्हणून ओळखला जाणारा, वय ५६ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजवरची खोली, समक्ष हजर राहून सांगतो की, गाडीच्या मालकीणबाई, व्यवसाय शिक्षिका, यांनी मी चोराला सामील असल्याचा संशय घेतला आहे. त्याबाबत विचारल्यावरून हा जबाब देत आहे.

बाईंची गाडी वळताना कटकट वाजते म्हणून माझ्याकडे आली होती. आज सकाळी मी तिचा डावा ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, काढून टेबलावर ठेवला. जॅक दुसऱ्या गाडीला हवा होता, म्हणून चाक परत बसवून गाडी जागच्या जागी खाली उतरवली. किल्ली गाडीतच होती.

दुपारी मी समोरून चहा पिऊन आलो, तेव्हा एक अनोळखी इसम गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता. इंजिन गरजत होते, गाडी हलत नव्हती. बाईंच्या दिरांना गाडीची घाई असल्याचे मला माहीत होते. हेच ते, असे मी समजलो. इसम उतरून गाडी ढकलू लागला.

मी म्हणालो, “अहो पाहुणे, थांबा, बेअरिंगचं वाटोळं होईल.”

त्याने विचारले, “इंजिन तर चालतंय, मग गाडी का जात नाही?”

ज्या यंत्रावर माणूस जीव सोपवतो त्याचे पोट त्याने पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मत लिहिता येत नाही असे हवालदारांनी सांगितल्याने पुढे सांगतो.

मी बॉनेट उघडले व इसमाच्या खांद्यावर हात ठेवून दाखवले की, इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून, तो दोन्ही बाजूंना वाटणाऱ्या डिफरन्शियलला येतो आणि तिथून दोन ॲक्सल तो पुढच्या दोन चाकांना पोचवतात. चाक खड्ड्यात वरखाली होते, वळणावर तिरके होते, म्हणून ॲक्सलच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. आतला लांबी सांभाळतो, बाहेरचा वळण. एक ॲक्सल काढला की डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला उधळते.

इसम म्हणाला, “म्हणजे एक भाऊ काम सोडून बसला, की दुसऱ्याच्याही हातून काही होत नाही.”

मी त्याला शाबासकी दिली.

तेवढ्यात बाई आल्या. “हे कोण?” असे त्यांनी विचारले. “तुमचे दीर,” मी म्हणालो. “माझे दीर हे मागे उभे आहेत,” बाई म्हणाल्या. इसम पळू लागला, त्यास दिरांनी दारातच धरले.

“खांद्यावर हात टाकून चोराला गाडी समजावता? दोघं एकाच माळेचे मणी,” असे बाई मला म्हणाल्या.

त्यावर इसम म्हणाला, “बाई, हे माझे साथीदार असते तर ॲक्सल बसवून दिला असता. भाषण नसतं दिलं.”

ठाण्यात फौजदार साहेबांनी मला विचारले, “चोराला मुद्दाम बोलण्यात गुंतवलं, असं लिहू का? सुटाल.” मी नकार दिला. मी कोणाला गुंतवले नाही. त्याने विचारले, मी सांगितले.

हे ऐकून बाई म्हणाल्या, “नाहीत हो हे सामील. खोटं आयतं ताटात वाढलं तरी खात नाहीत. गाडी ह्यांच्याकडेच राहू द्या.” दीरही हसले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. बाहेरच्या सांध्यातील सहा पोलादी गोळ्यांविषयीचा मजकूर हवालदारांनी गाळला आहे. कोठडीतील इसमास तो ऐकायचा आहे असे समजते. माझी तयारी आहे.