सीझन संपू दे

प्राचार्य सर, स्टाफमधले सगळे, दोन्ही टीमच्या मुलामुलींनो, आणि निपाणीहून आलेल्या गिरीश सरांच्या आई आणि दादा. मी वैशाली, मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच. गिरीश सर मुलांच्या टीमचे. मला कोर्टवर ओरडायची सवय, असं उभं राहून बोलायची नाही. सांभाळून घ्या.

आज मी कन्नड सोडून मराठीत बोलणार आहे. हे आईंना सांगायचंय. बाकीच्यांना जेवढं कळेल तेवढं कळू दे.

मागच्या आठवड्यात सकाळच्या प्रॅक्टिसला सर छातीला हात लावून खाली बसले आणि दुपारी गेले. एवढंच झालं.

आई, तुमचा मुलगा हट्टी होता. माझ्या मुलींची वेळ झाली तरी कोर्ट सोडायचा नाही. मी भांडले की सर म्हणायचे, "मॅडम, स्वल्प थांबा." आणि ते टाइमआउट. पहिल्या हाफमधले वापरले नाहीत तर ते बुडतात, दुसऱ्या हाफला मिळत नाहीत. नवख्या पोरालाही हे कळतं. सर तरी राखून ठेवायचे. मी बाकावरून खुणा करायचे, घ्या, आता घ्या. ते नुसते हसायचे. मुलांनो, किती वेळा बुडवले त्यांनी?

आई, आमचं लग्न ठरलं होतं. आम्हीच ठरवलं होतं, कोर्टच्या पायऱ्यांवर, एका डब्यातली इडली खाता खाता. पण आपल्या कॉलेजात नवराबायको एका विभागात चालत नाहीत. एकाला जावं लागतं. मी गेले तर मुलींचं कोण बघणार? सर गेले तर मुलांचं? म्हणून सर म्हणायचे, सीझन संपू दे, मग बघू. सीझन संपायचा. पुढचा सुरू व्हायचा. आणि मीही म्हणायचे, बरं, हा संपू दे. चुकून कुणासमोर तोंडातून जाऊ नये म्हणून एकटे असतानाही आम्ही सर आणि मॅडमच होतो.

हॉस्पिटलात आयसीयूच्या दारात वॉचमनने अडवलं. फक्त घरचे, म्हणाला. मी म्हटलं, मी त्यांची होणारी बायको. पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. मागे टीमची मुलं उभी होती, ती खाली बघायला लागली. वॉचमन वाईट नव्हता. म्हणाला, "होणारी नाही चालत, अक्का." मी बाहेर बसले. दादा तेव्हा हुबळीपर्यंतच पोचले होते. आत सरांजवळ आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. भिंतीच्या अलीकडे मी होते, आई. तेवढं तुम्हाला माहीत असू दे.

ऑफिसात रजा मागितली. घरातलं कुणी गेलंय का, असं विचारलं. काय सांगणार? दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आले. शिट्टी वाजवली. मुली धावल्या. मी कशाला उभी होते, मला कळत नव्हतं. अजून कळत नाही. काळ सगळं बरं करतो म्हणतात, मला तसं काही दिसत नाही.

आई, मी तुमच्याकडे काही मागायला उभी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळख करून देणारा माणूस गेला.

सरांना माझा नमस्कार. आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नका. पुढे घरच्यांनी उभं राहायचं, मागे स्टाफने, असं ठरलंय. मी मागे जाते.