दिग्गीच्या मामांचा आवाज

आता मोबाइलवर लेख वाचता वाचता बोट लावलं की गाणं वाजतं, त्याचं तुम्हाला कौतुक. मी हा उद्योग नव्वदच्या आसपास रामनगरच्या वाचनालयात करून बसलोय. भित्तिपत्रकात दिग्गी गावच्या, गाणी म्हणणाऱ्या विठूमामांवर लेख लिहिला. तीन खेपा घातल्या तेव्हा कुठं मामांनी गाणं टेप करू दिलं. मग लेखाखाली स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि बाण काढून लिहिलं, 'बटण दाबा, गाणं ऐका.' कुठलं बटण, ते लिहायचं राहिलं.

लेख कुणी वाचला नाही. गाणं मात्र आठवडाभर वाजत होतं. ते कानावर गेलं म्हणून खुद्द मामा बस धरून आले. मी चहा सांगून परत येतो तर मामा टेपपुढं वाकून बसलेले.

"मास्तर, ह्यात माझा आवाज न्हाईच की. मघाधरनं लाल बटण दाबून बसलोय."

 लाल बटणावर नवा आवाज भरतो आणि जुना पुसला जातो. मी टेप मागं घेऊन लावली. गाणं साफ गेलेलं. नुसती खरखर, मग एक खोकला, आणि मग मामांचाच आवाज, खणखणीत: "मास्तर, ह्यात माझा आवाज न्हाईच की."

मामांचा चेहरा खुलला.

"हां, आता आला बघा. मघाशी तुमचं मशीन तापलं नसंल."