माझ्या मालकानं कधी घोट घेतला नाय

सुंदरा माझं नाव, आईबापानं ठेवलेलं, आन आता केस पांढरे झाले तरी तेच हाय. दुसरं कोनी ठेवलं असंल तर ते मला न इचारता ठेवलंय, हे आदी लिहून घ्या. सुरगान्याच्या अंगाला, गुजरातची हद्द दिसती त्या डोंगरात आमचं गाव. भात आन नागली, दुसरं काय पिकनार त्या उतारावर. भात झोडून झाला की अर्धं गाव जीपमधी कोंबून कामाला खाली उतरायचं, मी पन उतरायची, पार लगीन होईस्तोवर. लगीन झालं आन सातपूरला आले. मालक माझे काशिनाथ भोये, तिथं एका बारक्या कारखान्यात पॉवर प्रेसवर व्हते. वरनं लोखंडाचा ठोकळा येतो, खाली पत्रा सारायचा, हात काढायचा, परत सारायचा, आठ आठ तास तेच. तोंडातनं शब्द न काढनारा मानूस. विडी नाय, तंबाखू नाय, दारूचं तर नावच नका काढू, त्यांचे वडील दारूपायी गेलेले, तवापासनं ज्या घरात बाटली दिसंल त्या घरातलं ते पानी पन पेत नव्हते.

तर एक दिवस तो ठोकळा आपसूक खाली आला. मशीन बिघडलेलं व्हतं, चार दिवस सांगत व्हते, कोनी ऐकलं नाय. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आन कारखान्याच्या मालकानं कागदावर काय लिवलं सांगू तुमाला, कामगार पिऊन आला व्हता. ज्या मानसानं जन्मात वास घेतला नाय त्याच्या नावावर हे. तवा संग काम करनारे दोघं उभे राह्यले, त्यातला एक मनमाडचा, त्याला नोकरीवरनं काढीन म्हनून दम दिला तरी तो हटला नाय. आठ महिने कामगार कचेरीत हेलपाटे मारले, मंग कुठं तो कागद खोटा ठरला. त्या आठ महिन्यात आमचे हे किती वाळले ते मीच पाह्यलंय. बोटांचं दुख त्यायनी गिळलं, पन दारूड्या म्हनल्याचं गिळलं नाय.

त्याच दिवसात मी कामाला लागले. नव्वदच्या पुढची सालं ती. शरणपूरचे थॉमसभाऊ गाडी चालवायचे, इंग्रजी फाडफाड बोलायचे, ते म्हनले, सुंदराताई, गंगापूर रोडला अमेरिकेतनं एक म्हातारं जोडपं आलंय, सैपाकाला बाई पायजे. म्हनलं, कशापायी आलंय एवढ्या लांबनं? तर म्हनले, देवाच्या कामाला, पोरं मोठी झाली, नोकरी संपली की त्यांच्यात असे म्हातारा म्हातारी दोन-तीन वर्सं परदेशी सेवा करायला निघतात. मला नवल वाटलं. आपल्यात या वयात मानूस नातवाला खेळवतं, आन हे गुडघे धरत धरत समुद्र ओलांडून आलेले.

साहेब सहा फुटाचा, गावाकडं गाईंचा गोठा व्हता त्याचा. बाईचं नाव रूथ, शाळेत शिकवायची. आता त्यांच्या एकेक करामती काय सांगू. पयल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली तर साहेब टेबलाखाली. रूथबाईनं दूध गॅसवर ठेवलं आन पत्र लिवत बसली, दूध सगळं ओट्यावर, तरी रोज तेच करायची. वानर घरात शिरलं तर साहेब त्याला हात जोडून इंग्रजीत समजावत व्हता, वानरानं त्याचा चष्मा नेला. आन एकदा रिक्षावाल्याला नाशिक रोड म्हनायच्या जागी नुसतं रोड रोड म्हनत राह्यला, रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं त्याला पंचवटीपस्तोर फिरवून परत बंगल्यावर आनून सोडला. मी हसायची, ते बी हसायचे. रूथबाई तर पोट धरून हसायची. तिच्यावर माझा जीव व्हता, खोटं कशाला बोलू. माझ्या पोरीला ताप आला तवा रातभर नाय, पन पुरा दिवस उशाशी बसली, कपाळावर पट्ट्या ठेवत. आन मी माझ्या घरी कनसरी, आमची धान्याची देवी, पूजते हे तिला ठाऊक व्हतं, कधी वाकडं बोलली नाय. लोक मात्र बोलायचे. पान्याच्या नळावर बाया इचारायच्या, काय गं, बाटलीस का, किरिस्ताव झालीस का? म्हनलं, पोळ्या लाटल्यानं देव बदलतो व्हय गं?

महिन्यातनं दोन खेपा थॉमसभाऊ त्यायला जीपनं सुरगान्याकडं न्यायचे, मी बी जायची, भाषा आमचीच म्हनून. तिकडं पोरांच्या वसतिगृहाला छप्पर घालायचं त्यांच्या मनात. साहेबाला मराठीची लय हौस. एका पाड्यावर उभा राह्यला आन दोन्ही हात वर करून म्हनला, बंधूंनो, आपले पापड देवापुढं आना. पाप म्हनायचं व्हतं त्याला. कोनी हसलं नाय, आमची मानसं पाव्हन्याला हसत नाय. पुढच्या खेपेला गेलो तर प्रत्येक घरातनं नागलीचे पापड, टोपल्या भरून, ओळीनं मांडलेले. आम्ही खाऊन खाऊन थकलो. पन मागनं थॉमसभाऊनं मला सांगितलं की साहेब छपराच्या पैशापायी अमेरिकेला पत्रं धाडायचा, ती तिकडं छापून वाटायचे, त्यात त्यानं लिवलं, उपाशी लोकांनी तोंडचा घास काढून देवाला अर्पन केला. म्हनलं, उपाशी? पापड काय उपाशी मानूस वाळत घालतं? पन तवा मी सोडून दिलं. तिथंच धरायला पायजे व्हतं.

एका दुपारी आमचे हे मला न्यायला बंगल्यावर आले व्हते. साहेबानं त्यायला बसवलं, हात पाह्यला, इचारलं कसं झालं. मालकांनी सगळं सांगितलं, मशीन, तो खोटा कागद, मनमाडचा साक्षीदार, थॉमसभाऊ एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत व्हते, साहेब वहीत लिवत व्हता. हे घरी येताना म्हनले, चांगला मानूस हाय, नीट ऐकून घेतो. कमी बोलनारा मानूस एवढं बोलला म्हनून मलाच बरं वाटलं.

पुढं छप्पर झालं. आन ते बघायला अमेरिकेची आठ-दहा मानसं आली. त्या दिवशी बंगल्यावर जेवान, मी बिनतिखटाचा पुलाव केलेला, हे सुट्टी काढून खुर्च्या लावायला आलेले. मी वाढत व्हते तर एक गोरी बाई उठली, माझे दोन्ही हात धरले आन मेरी मेरी करून रडाया लागली. म्हनलं, बाई, चुकलं तुमचं, मी सुंदरा. ती रडतच यांच्याकडं वळली, यांचा तुटका हात हातात घेतला आन काय काय बोलली. सगळे मान हलवायला लागले, एकानं टाळी वाजवली. मी थॉमसभाऊला इचारलं, काय म्हनती? भाऊ खाली बघत राह्यले. मी म्हनलं, सांगा. ते म्हनले, ताई, राहू द्या. हे म्हनले, भाऊ, सांगा.

भाऊनं सांगितलं, साहेबाच्या पत्रात तुमचं नाव मेरी ठेवलंय. ती म्हनत व्हती, तू दारूच्या नशेत स्वतःची बोटं तोडून घेतलीस, बायकोला मारलंस, लेकरं उपाशी ठेवलीस, ते सगळं वाचून आमच्या गावात बाया रडल्या, आन आता तू दारू सोडलीस म्हनून आमी किती आनंदात हाओत.

काय सांगू तुमाला. यांच्या हातात खुर्ची व्हती. ती त्यायनी हळूच खाली ठेवली, नीट, आवाज न करता, आन चप्पल घालून निघून गेले. न जेवता. सातपूरपस्तोर चालत. मी पुलावाचं भांडं ओट्यावर ठेवलं, किल्ल्या साहेबापुढं टाकल्या. म्हनलं, माझ्या मालकानं मला कधी बोट लावलं नाय, समजलं? मराठीत म्हनलं, पन समजलं त्याला, तोंड उतरलं त्याचं.

तिथनं पुढं आमचे हे हात खिशात घालून फिराया लागले. पानपट्टीशी, बस थांब्यावर, जिथं तिथं हात खिशात. जे बालंट कारखान्यात पुसून काढलं ते हजारो कोसावर जाऊन परत चिकटलं, आन तिथं आमचा साक्षीदार कोन?

मी कामावर गेले नाय. चौथ्या दिवशी रूथबाई आली, एकटी, रिक्षानं. सातपूरच्या गल्ल्यांत दोन तास भटकली, कुठंतरी गटारीत पाय गेला, एक बूट चिखलानं भरलेला, तशी दारात उभी. पिशवीतनं वही काढली. तीच साहेबाची वही. मी थॉमसभाऊला बोलावनं धाडलं. भाऊनं वाचली, आन वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. वहीत सगळं खरं लिवलेलं व्हतं. मशीन बिघडलेलं. कारखानदाराचा खोटा कागद. साक्षीदार. हा मानूस दारूला शिवत नाय, हे सुद्धा. म्हंजे ऐकन्यात चूक नव्हती, भाषेची चूक नव्हती, पापडासारखं काय नव्हतं. ठाऊक असून लिवलं व्हतं. रूथबाई म्हनली, मी छापून आल्यावर वाचलं, आन गप राह्यले, ते माझं पाप. माझ्या मालकाकडं बघून म्हनली. हेनी तिचा चिखलाचा बूट उचलला आन नळाखाली धुवायला घेऊन गेले.

रविवारी साहेब आला. खाली बसता येत नव्हतं त्याला, तरी बसला. माफी मागितली, पन माफीला शेपूट व्हतं. म्हनला, खरं लिवलं तर तिकडं कोनी वाचत नाय, मशीनचं कोनाला काय पडलंय, हे लिवलं म्हनून छप्पर झालं, साठ लेकरं कोरडी निजतात. मला असा राग आला की बोलायला तोंड उघडलं, पन हेच आदी बोलले. म्हनले, साहेब, छप्पर चांगलं झालं. पन माझी बोटं त्या छपराला लावायची व्हती तर खरी लावायची. खोटी कशाला लावली?

साहेब म्हनला, मी काय करू? हे म्हनले, माझी माफी मागू नका. जिथं लिवलं तिथं लिवा. तिथंच आमच्या सतरंजीवर बसून त्यानं पत्र लिवलं, भाऊनं दोनदा वाचून दाखवलं. माझं नाव सुंदरा, यांचं काशिनाथ, मशीन बिघडलेलं, सगळं. मी परत कामाला गेले.

दोन महिन्यांनी, ती पत्रं छापनाऱ्या तिकडच्या कचेरीचं उत्तर आलं. असं छापलं तर वाचनाऱ्यांचा इश्वास उडंल, म्हनून छापता येनार नाय. आता मला सांगा, इश्वास कशानं उडतो? खोटं बोलल्यानं का खरं सांगितल्यानं? साहेबानं आनखी दोन पत्रं धाडली. मंग त्यांची मुदत भरली, ते गेले. जाताना साहेब यांच्या तुटक्या हाताशी हात मिळवून गेला, हेनी दिला, पन हसले नाय.

पोरगी शिकली, कचेरीत कॉम्प्युटरवर लागली. नेटकॅफे निघाले व्हते तवाची गोष्ट, एक दिवस मला घेऊन गेली, म्हनली, आई, हे बघ. माझा फोटो. डोईवर पदर, हातात लाटनं, आन खाली मेरी. तीच गोष्ट, शब्दाला शब्द. आदी कागदावर व्हती, आता साऱ्या जगापुढं. पोरीनं त्या अमेरिकेच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिवलं, एकदा नाय, चारदा. उत्तर नाय. मानूस तक्रार कुठं करनार, पोलिसात? अमेरिकेत? आमच्यासारख्याचं दुख पायजे त्यायला, पन आमच्यासारख्याचं नाव नको, आन दुख बी आमचं नको, त्यायला पायजे तसलं पायजे. आमी काय भातुकलीतल्या भावल्या हाओत का, कोनीबी उचलावं आन पायजे तो कपडा घालावा?

रूथबाईचं कार्ड मात्र दर साली यायचं. गेल्या खेपेला कार्ड नाय, चांगलं चार पानी पत्र आलं. पोरीनं वाचलं. साहेब वारला. ती आता म्हाताऱ्यांच्या घरात राहाती, चालायला काठी लागती. लिवलं व्हतं, की त्याची माती आटपल्यावर एका रविवारी ती आपल्या देवळात उठून उभी राह्यली, सगळ्या लोकांपुढं, आन म्हनली, तुमी ज्या मेरीसाठी रडलात ती सुंदरा हाय, तिचा नवरा कधी दारू प्याला नाय, बोटं बिघडलेल्या मशीननं नेली, माझ्या नवऱ्यानं खोटं लिवलं आन मी गप बसले. काही लोक उठून गेले म्हने. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, खाली बस. ती बसली नाय.

आमचे हे भिंतीला टेकून ऐकत व्हते. म्हनले, परत वाच. पोरीनं परत वाचलं. मंग इचारलं, माझं नाव घेतलं का तिनं? पोरगी म्हनली, घेतलं, बाबा, काशिनाथ भोये, पुरतं लिवलंय. म्हनले, बरं. आन उठून भाजी आनायला गेले.

कॉम्प्युटरवरचं ते मेरीचं पान अजून तसंच हाय तिकडं, पोरगी बघती अधनंमधनं. मरू दे, माझ्यानं काय ते पुसवत नाय, आन माझा राग बी पुसला जानार नाय, तो मी संग घेऊन जाईन. पन त्या म्हातारीच्या गुडघ्यांना बळ मिळो. एवढ्या मानसांत ती एकटी उभी राह्यली, आन तिला खाली बसवनारं कोनी जन्माला येऊ नये.