भागोजीची शून्यं

हेमाली : म्हणजे फेरी कधी सुटेल ते नक्की नाही?

भागोजी : धुक्याचं कोन सांगनार, ताई? ही आपली आगरदांड्याची जेट्टी तरी दिसती. पल्याड दिघी हाय का वाहून गेली, देवाला ठाऊक. बसा. मी फेरीवर दोर बांधायला असतो, मला कळल्याबिगर बोट सुटत न्हाय. ही टपरी आमच्या मंडळींचीच. …तुमचा आवाज कुठं तरी ऐकलाय हो मी.

हेमाली : ऐकलाय. "नमस्कार, मी हेमाली बोलतेय. पेशंट नंबर एकशे बारा ना?"

भागोजी : आरं देवा! फॉर्मवाल्या ताई! गोदू, अगं इकडं ये. चार वर्सं झाली, दर तीन महिन्यांनी फोनवर माझ्या पोटाची चौकशी करतात त्या ह्या!

गोदू : ह्या? मला वाटलं, कुनी म्हातारी असंल. फोनवर किती सावकाश बोलतेस गं बाय. त्या बाकावर नको बसू, दवानं भिजलाय. हे घे गोनपाट. दिघीला कुनाकडं जातेस?

हेमाली : दिघीला नाही, काकू. मी काकांनाच भेटायला आले.

भागोजी : मंग फेरीचं का इचारलंत?

हेमाली : एकदम विषय काढायचा धीर होईना.

भागोजी : फोन करायचा की. मी बोललो असतो, समदं ठीक.

हेमाली : तेच ना काका. तेच बोलता तुम्ही. संडासला किती वेळा? एकदा. रक्त? शून्य. रात्री उठावं लागतं? शून्य. पोटात कळ? शून्य. गेले चार फॉर्म असेच आहेत, एक आकडा हलला नाही.

गोदू : रक्त शून्य? कोन बोललं शून्य?

भागोजी : गोदू, तुझा चहा उतू जाईल.

गोदू : जाऊ दे. कोन बोललं?

हेमाली : काका, दर दोन महिन्यांनी तुम्ही पनवेलच्या हॉस्पिटलात सलाईनमधून औषध घ्यायला येता, तेव्हा सिस्टर वजन घेतात, रक्त तपासतात. ते आकडेही माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी एकसष्ट किलो होतात. मग अठ्ठावन्न. आता चोपन्न. हिमोग्लोबिन तेरावरून दहावर आलंय. एकीकडे ही घसरण आणि दुसरीकडे तुमची शून्यं. डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, उन्हामुळे जेवण जात नाही.

भागोजी : ऊन व्हतंच त्या टायमाला.

हेमाली : आता धुकं आहे.

गोदू : ह्यांचं मी सांगते. दिवसातनं सात-आठ येळा जातात. रातीला दोनदा. संडासात रगत दिसतं ते मी बघते ना. गेल्या शनवारी बोट लागत व्हती, ह्यांना चक्कर आली, दोर हातातनं सुटला. बोट आनि जेट्टीच्या मधी पडनार तेवढ्यात ह्यांच्या जोडीला दोर बांधनाऱ्या हरेश्वरनं मागनं सदरा धरला. सदरा फाटला म्हनून घरात कळलं, न्हायतर तेबी शून्यच झालं असतं.

हेमाली : काका?

भागोजी : …व्हय.

हेमाली : मला सांगा ना, का?

भागोजी : कसं सांगू? तुमाला सपनाचं सांगितलं तर हसाल.

हेमाली : नाही हसणार.

भागोजी : पहिल्या वर्सी ते सलाईन चालू झालं ना, की मला झोप लागायची. दोन तास. त्या झोपंत एकच सपान. खाडीला भरती येती, पन आवाज न्हाय. पानी वर वर येतं, दुधावानी. मी बोटीत एकटा, सुकानूवर कुनी न्हाय, तरी बोट आपली चाललीया. आनि पोट… पोट न्हायच मला. हलका. जाग आली की खरंच तसं वाटायचं, म्हैना म्हैना वाटायचं. त्याच्या आदी मी तीन वर्सं बोटीवर पाय ठेवला नव्हता. बोटीवर कुठं जानार मानूस? मधल्या पान्यात कळ आली तर?

गोदू : घरात बसून खिडकीतनं फेऱ्या मोजायचे.

भागोजी : मंग हळूहळू ते सपान पडंना. झोप लागायची, पन सपनात सुकती, ओहोटी असायची. नुसता चिखल, त्यात बोट आडवी. तवाच कळलं, औषधाचा जोर ओसरला. पन बोललो, तर औषध बंद करतील. मंग काय राहिलं? वॉर्डात एक मानूस बघितला मी, पोटाला संडासची पिशवी लावलेली. तो भिंतीकडं तोंड करून निजला व्हता. मी ठरवलं, शून्य सांगायचं. जेवढं चाललं तेवढं चाललं.

हेमाली : आणि मी ते लिहीत गेले.

भागोजी : आनि एक सांगू? राग न्हाय ना?

हेमाली : सांगा.

भागोजी : पहिल्यांदा मी खरंखुरं शून्य बोललो ना, तवा तुमी फोनवर बोललात, "वा, काका!" माझ्या दुखन्याला कुनी कधी 'वा' बोललं नव्हतं, ताई. पुढं आकडा चढला. वाटलं, ह्या पोरीला वाईट वाटंल.

गोदू : ऐकलंस, बाय? घरात मला शिव्या, आनि फोनवर लाज.

हेमाली : चूक माझी आहे. आम्हाला शिकवतात, आवाज सपाट ठेवायचा, चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. त्या दिवशी मला राहवलं नाही. तुम्ही इतक्या आनंदानं सांगितलंत.

भागोजी : चूक कसली. पन एक इचारू? माझ्या पोटाचं तुमी लिहिता, ते जातं कुठं?

हेमाली : एक मोठी वही समजा. ती कॉम्प्युटरवर असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. आतड्याच्या सुजेवर ज्यांना हे असं औषध चालू आहे, त्यांची नोंद. तीनशे दहा माणसं आहेत. नावं नाहीत, नंबर. औषध किती जणांना लागू पडलं, किती वर्षं टिकलं, कुणाला त्रास झाला. एकेका डॉक्टरकडे असे पाच-दहाच पेशंट असतात, त्यातून काय कळणार? सगळे एकत्र ठेवले की कळतं.

भागोजी : मंग माझ्या शून्यांनी काय बिघडलं?

हेमाली : समजा तुमच्यासारखाच कुणीतरी आहे, पाचव्या वर्षात. त्याला पुन्हा रक्त दिसायला लागलं. त्याच्या डॉक्टरनं वही उघडली, तर एकशे बारा नंबर म्हणतोय, पाचव्या वर्षीही सगळं छान. मग त्या माणसाला काय वाटेल?

भागोजी : …की त्याचंच कायतरी चुकलं.

हेमाली : हो.

भागोजी : मलाबी तसंच वाटत व्हतं, ताई. येवढं भारी औषध, डॉक्टर येवढे चांगले, आनि मीच त्याला पुरलो न्हाय. कायतरी माझंच पाप.

हेमाली : काका, त्या तीनशे दहातल्या ब्याऐंशी जणांच्या औषधाचा जोर ओसरलाय. मी काल रजिस्ट्रीत बघून आले. ब्याऐंशी.

भागोजी : येवढी?

गोदू : जिवंत हाईत?

हेमाली : आहेत, काकू. काहींचा डोस वाढवला, काहींना दुसरं औषध दिलं. बरेच सावरले. सगळे नाही. काहींचं ऑपरेशन झालं, पिशवीही लागली, ते मी लपवणार नाही. पण त्यातला एक जण पालीला रिक्षा चालवतो. भिंतीकडे तोंड करून कुणी कायमचं झोपत नाही.

भागोजी : ब्याऐंशी मानसं. दोन फेऱ्या भरतील.

गोदू : आता लिही बाय, मी सांगते तसं.

भागोजी : तू नको. माझं पोट हाय, मी सांगतो. इचारा, ताई. पहिल्यापासनं.

हेमाली : दिवसातून किती वेळा जावं लागतं?

भागोजी : आठ. कधी नऊ.

हेमाली : रक्त?

भागोजी : रोज.

हेमाली : रात्री उठावं लागतं?

भागोजी : दोनदा. परवा तीनदा. हिला ठाऊक न्हाय तिसऱ्याचं.

गोदू : ठाऊक हाय.

हेमाली : डॉक्टर आज बारा वाजता बसणार आहेत. मी गाडी घेऊन आलेय. चलता?

भागोजी : आज? आन दोर कोन बांधनार?

गोदू : हरेश्वर बांधंल. मी टपरी बंद करते, मीबी येनार. तिथं जाऊन पुन्हा समदं ठीक बोलाल, तुमचा काय भरवसा?

(तीन महिन्यांनंतर. फोनवर.)

हेमाली : नमस्कार, मी हेमाली बोलतेय. काका, आवाज येतोय?

भागोजी : बोला, ताई. बोटीवर हाय, मधल्या पान्यात. वारा लय हाय.

हेमाली : नवीन औषध सुरू होऊन दहा आठवडे झाले. किती वेळा जावं लागतं?

भागोजी : तीनदा. कधी चार.

हेमाली : रक्त?

भागोजी : म्हैन्यापूर्वी पुष्कळदा दिसायचं. आता ह्या आठवड्यात एकदाच दिसलं. मंगळवारी. थोडंच व्हतं, पन व्हतं. लिहा.

हेमाली : लिहिलं. रात्री?

भागोजी : एकदा. उठतो, खाडी बघतो, निजतो. डॉक्टर बोलले, आदीचं औषध माझ्या अंगानंच ओळखून अडवलं व्हतं. त्यात पाप न्हाय, पुन्य न्हाय. हे नवं किती दिवस टिकंल ते त्येंनाबी ठाऊक न्हाय. मी बोललो, चालंल, मी सांगत जाईन.

हेमाली : वजन सत्तावन्न आलंय तुमचं.

भागोजी : गोदू कोलंबीचं कालवन वाढते, तिखट नसलेलं. वाढताना तिलाच रडू येतं, बिनतिखटाचं म्हनून.

हेमाली : अजून काही सांगायचंय, काका? फॉर्मच्या खाली जागा असते.

भागोजी : हाय एक. तुमी बाकीच्यांनाबी फोन करता ना?

हेमाली : करते.

भागोजी : त्यात कुनी असंल, दर टायमाला शून्य शून्य सांगनारा.

हेमाली : असतीलही.

भागोजी : त्याला माझं नाव नका सांगू. तुमचा नियम असंल. नुसतं येवढंच सांगा, की खाडीवर एक मानूस हाय, मंगळवारी त्यालाबी रगत दिसलं, आनि आज तो बोटीवर उभा हाय.