सुजेचा आकडा
माणसाचं रक्त कधी खोटं बोलत नाही, असं निवृत्त मुख्याध्यापकांचं ठाम मत होतं. स्वतः मात्र ते दोन बिस्किटं खाऊन ‘उपाशीपोटी’ तपासणीला प्रयोगशाळेत आले होते. मागच्या बाकावर एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

“किती वेळा उठतोस? बस खाली! आणि कोरडे पडलेत डोळे, तर रक्त कशाला काढतायत?”

“ताई, साखरवाल्यांच्या रक्तात सूज असते म्हणे. ती मोजली की कळतं, डोळ्यांतलं पाणी का आटलं.”

“रक्ताला सूज! उद्या म्हणशील, सावली मुरगळली.”

“हस, हस. आकडा जास्त निघू दे, कागद चौकटीत लावून तुझ्याच घरी धाडतो.”

“माझ्या का?”

“आई गेली तेव्हा रडलो नाही, म्हणून पाच वर्षं दगड म्हणतेस मला. दोष डोळ्यांचा होता!”

“...एवढं लावून घेतलंस होय रे? आधी नाही का बोलायचं?”

“हातात कागद नव्हता ना.”

“जळो तो कागद. शब्द मागे घेतला मी.”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीतून विचारणा झाली, “शिंपीकाका, डोळ्यांचा त्रास कधीपासून?”

“साखर निघाली तेव्हापासून. दोन वर्षं झाली.”