जपानची शीव

(१९७३ सालचा शिमगा. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं एक खेडं. मनकर्णा दार अडवून उंबऱ्यावर उभी आहे. पोळ्याला घर सोडून गेलेला तिचा नवरा कानिफनाथ अंगणात, काखेत वळकटी. त्याला फाट्यावरून घेऊन आलेला शेजारचा छगन त्याच्या मागे.)

कानिफनाथ: …म्हनून म्हनलं, कुनाला सांगायचंच न्हाई. कुनाचा इश्वासच बसायचा न्हाई. यष्टीतनं उतरल्यापासनं तोंडाला कुलूप घातलंय मी. निस्तं ह्या छगनला सांगितलं. आन् कंडक्टरला. आन् फाट्यावरच्या हाटेलात चार मानसं बसल्याली हुती, त्यास्नी.

छगन: काकी, तात्या जपानला गेल्ते! जपानला!

मनकर्णा: गेल्ते तर गेल्ते. माघारी यायला कुनी सांगितलं?

कानिफनाथ: अगं, आत तर घे मला. पाय दुखायल्यात.

मनकर्णा: पोळ्याच्या दिशी बैलाचं एक शिंग रंगवलं आन् दुसरं तसंच ठिवून निघून गेलात. आज शिमगा आला. मी दुष्काळी कामावर खडी फोडली. संगतीच्या बाया माझ्या कपाळाकडं बगून इच्यारायच्या, ‘अजून लावतीस का गं कुकू?’ काय सांगू त्यास्नी? आता इतंच हुबं ऱ्हावा आन् कुटं हुता त्ये सांगा. मला पटलं तर उंबऱ्याच्या आत. न्हाई पटलं तर मारुतीचं देऊळ मोकळंच हाय.

कानिफनाथ: तूच धाडलंस की मला! तुझा भाऊ मिल्ट्रीतला, आसामपातुर जाऊन आल्याला. त्याच्या म्होरं म्हनलीस, ‘आमच्या ह्यांनी जलमात नगर जिल्ह्याची शीव वलांडली न्हाई.’ त्यो फिदीफिदी हसला. माझ्या काळजात गेलं त्ये. म्हनलं, आसाम काय घिऊन बसलाय? त्याच्या म्होरं जाऊन दावतो!

छगन: आसामच्या म्होरं जपानच लागतं का तात्या?

कानिफनाथ: मदी थोडं पानी लागतं.

मनकर्णा: त्या पान्यातनं तुमाला न्हेलं कुनी?

कानिफनाथ: एक गोरा सायेब भेटला. हॉलंडचा. बोर मारायच्या मशीनीवरचा. मला वरनं खालपातुर न्याहाळलं आन् म्हनला, ‘कानिफनाथ, ह्यी मशीन जपानात बनती. तुमच्यासारखा मानूस त्या कारखान्यात पायजेल.’

मनकर्णा: आन् तितं तुमी काय केलं?

कानिफनाथ: देखरेख.

छगन: व्हय काकी, तात्यांची नदर पहिल्यापासनं बारीक!

मनकर्णा: आपली शेळी म्होरनं कुत्र्यानं वढून न्हेली तवा ह्याच नदरंनं बगत बसल्याले. सांगा फुडं.

कानिफनाथ: सकाळचा भोंगा झाला का सगळा कारखाना आंगनात. मालक, कारकून, झाडूवाला, समदे एका रांगंत. आन् रेडिओवर बाजा लागला का हात वर, हात खाली, कंबर वाकीव. मालकबी! साठी वलांडल्याला मानूस, पोरासारखा उड्या मारायचा.

छगन: आन् तुमीबी?

कानिफनाथ: मी हात वर केला का माझ्या मागच्या दोघास्नी रेडिओ दिसायचाच बंद व्हायचा.

मनकर्णा: हं.

कानिफनाथ: आता सांजची गंमत आयका. तितला कायदा असा, मोठा मानूस उठल्याबिगर धाकट्यानं घरी जायाचं न्हाई. पयल्या दिशी मी बसलो, म्हनलं मालक उठंल तवा उठू. मालक बसला, म्हनला ह्यो परमुलखातला पावना, ह्यो उठंल तवा उठू. त्यो माझ्याकडं बगून हसतोय, मी त्याच्याकडं बगून हसतोय. आमी दोघं उठंना म्हनून समदा कारखाना बसून! शेवटी मालकाची म्हातारी आई काठी टेकत आली आन् कान धरून लेकाला घिऊन गेली.

छगन: जपानातबी आया तसल्याच का!

कानिफनाथ: आया समद्या मुलखात एकाच कुंभारानं घडीवल्यात. बरं, रेल्वे आयका. फलाटावर रेघ वढल्याली. डब्याचं दार त्या रेघंवरच येनार, वीतभर म्होरं न्हाई का मागं न्हाई. आन् पांढरं हातमोजं घातल्याली मानसं हुबी. तुमी चढाया लागला का मागनं ढकलून डब्यात कोंबत्यात. पगारी मानसं! ढकलायचा पगार!

छगन: आपल्या कर्जतच्या यष्टीत कंडक्टर भाईर ढकलतो. फुकट.

कानिफनाथ: त्या गर्दीत मानूस गुदमरून जायाचा. पन मला काय न्हाई. मी आपला समद्यांच्या टकुऱ्यावरनं वारं घेत हुबा. इंजिनापातुर समदं दिसायचं.

मनकर्णा: तुमाला?

कानिफनाथ: मला न्हाई तर कुनाला? …तितली मानसं बुटकी असत्यात.

छगन: काकी, मधी मधी बोलू नका, लिंक तुटती.

कानिफनाथ: आन् नमस्कार! हात जोडत न्हाईत, कंबरंतनं वाकत्यात. समोरचा वाकला का आपुन त्याच्यापरीस जरा जास्ती वाकायचं. मग त्याला वाटतं आपुन कमी पडलो, त्यो आनिक वाकतो. फलाटावर मी आन् मालक असं वाकत वाकत पार गुडघ्यापातुर आलो. गाडी आली, गेली. वर बगतोय तर तिसरी गाडी चालल्याली!

छगन: आन् पोरं? पोरं घाबरत न्हवती का, परका मानूस बगून?

कानिफनाथ: घाबरत्यात कशाला? गोळा व्हायची भवतीनं. एकजन नाकाला हात लावून बगायचा, एकजन हाताचं केस वढून बगायचा, ह्ये पिवळं केस सोन्याचं हायेत का म्हनून.

छगन: …तात्या. पिवळं?

कानिफनाथ: तितलं पानीच तसं हाय. पंधरा दिसांत केस पिवळं पडत्यात. समिंदर वलांडला का पुन्यांदा काळं.

छगन: आसंल, आसंल. आमच्या मामाचं धोतर गोदावरीच्या पान्यानं असंच पिवळं पडल्यालं.

मनकर्णा: तुमचं चालू द्या.

कानिफनाथ: आता खरी फजिती. मालकानं घरी बलीवलं. दारात चपला काढायच्या, ह्ये आपल्यासारकंच. पन आत शिरलो आन् फाडदिशी कपाळ चौकटीवर! वाकून दुसऱ्या खोलीत गेलो, उठलो तर पुन्यांदा फाड! चार खोल्या, चार टेंगळं. मालकीन परत्येक टेंगळाला वाकून नमस्कार करायची.

छगन: अरारा!

कानिफनाथ: मग म्हनली, आंगुळ करून घ्या, बरं वाटंल. कढत पान्याचा लाकडाचा हौद. त्यात समदं घर बसतं, एकामागं एक, त्याच पान्यात. पन कायदा असा, भाईर साबन लावून आंगुळ करायची, मग हौदात बसायचं.

छगन: आंगुळ झाल्यावर पुन्यांदा आंगुळ?

कानिफनाथ: पयली मळाची, दुसरी सुखाची. ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई! मी साबनाची वडी घिऊन डायरेक हौदात. असा फेस झाला, असा फेस झाला, निस्ती मुंडी भाईर. समदं घर दाराशी रांग लावून हुबं. कुनी एका शबुदानं बोललं न्हाई. परमुलखातल्या पावन्याला ‘न्हाई’ म्हनायचंच न्हाई, ह्यो त्यांचा धरम. मी भाईर आलो तशी समदी वाकली आन् गुमान हौद उपसाया लागली.

छगन: मला तर रडूच याया लागलं तात्या.

कानिफनाथ: मग घालाया झगा दिला. घरातल्या समद्यांत थोरला झगा. मी घातला, तर मेला गुडघ्याच्या वर! माझ्या उघड्या नडग्या बगून म्हातारी अशी हसली, अशी हसली…

मनकर्णा: थांबा. वर या.

कानिफनाथ: पटलं?

मनकर्णा: वर या म्हनलं. इतं, चौकटीखाली हुबं ऱ्हावा. ताठ. आसं. छगन, ह्यांच्या टकुऱ्यावर हात ठिव, आन् सांग वरती जागा किती ऱ्हाती.

छगन: वीतभर… न्हाई काकी, वीत आन् वर चार बोटं.

मनकर्णा: ही चौकट माझ्या सासऱ्यानं घातल्याली. गावात हिच्याएवढी ठेंगनी चौकट न्हाई. माझा भाऊ वाकून येतो. तुमी मुंडासं बांधूनबी ताठ येता. ही गोष्ट तुमच्या मापाची न्हाई, धनी. कुन्या उंच मानसाच्या अंगावरची काढून तुमी घातलीया. बाह्या लोंबाया लागल्यात.

छगन: …तात्या?

मनकर्णा: तू गप. कुनाची हाय?

कानिफनाथ: …त्या हॉलंडच्या सायबाची.

मनकर्णा: आन् तुमी कुटं हुता?

कानिफनाथ: शेवगावला. त्याच्या मशीनीसंगं. भाकऱ्या बडवायला. त्यो लई वरसं जपानात ऱ्हायल्याला. जेवान झालं का सांगायचा, डायवर हिंदीतनं आमाला समजून द्यायचा. चांगला मानूस. माझी करपल्याली भाकर खाऊनबी कदी न्हाई म्हनला न्हाई.

छगन: शेवगाव? तात्या, शेवगावला तर माझी आत्या दिली हाय! आन् मी फाट्यावर समद्यांच्या च्याचं पैसं दिलं!

मनकर्णा: सकाळची यष्टी धरली तर दुपारला मानूस घरी येतंय. मग दिवाळीला का आला न्हाईत? संक्रांतीला का आला न्हाईत?

कानिफनाथ: दिवाळीलाच वळकटी बांधल्याली. यष्टीपातुर आल्तो. पन पाय उचलंना. तू म्हनल्याली, ह्यांनी जिल्ह्याची शीव वलांडली न्हाई. आन् शेवगावबी मेलं नगर जिल्ह्यातच. मी गेलोच न्हवतो गं कुटं. मग माघारी येऊ कसा?

(मनकर्णा दारातून बाजूला होते.)

छगन: काकी, मी जाऊ का?

मनकर्णा: ती वळकटी आत ठिव, मग जा. आन् तुमी, असं हुबं ऱ्हाऊ नका. पाय धुवा. लई लांबनं आलाय.