फरशीची ओळख परेड

जबाब दिनांक १६/०२/२०२६, वेळ दुपारी ४.१०

नाव : चांद बाबालाल गवंडी
वय : ६७ वर्षे
धंदा : फरशी कारागीर (आधी 'मजुरी' असे टाइप झाले होते, ते माझ्या सांगण्यावरून बदलले)
राहणार : घोरपडे पेठ, पुणे

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, उपनिरीक्षक निकिता ढमढेरे मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी नसीमबानू हिच्यासह राहतो. माझा जन्मही त्याच घरातला. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी फरशीच्या कामात आहे. फुटलेल्या कपबश्यांच्या तुकड्यांची नक्षीदार फरशी हे माझे खास काम. असे काम हाताने करणारे पुण्यात आता किती उरले, हे मला विचारू नये. मी एकच बोट वर करीन आणि आपणास ती फुशारकी वाटेल.

नारायण पेठेत एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर यमुनाबाई आगाशे, वय ८१, निवृत्त परिचारिका, या राहतात. फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा आहे. सन १९८७ मध्ये त्यांच्या बैठकीच्या खोलीची फरशी मी केली. बाईंनी त्यांच्या आईच्या निळ्या काठाच्या बश्या गोणपाटात घालून माझ्यासमोर हातोडीने फोडल्या. म्हणाल्या, कपाटातून काढायला कोणी धजत नाही, निदान पायाखाली तरी रोज येतील. त्या तुकड्यांची मी खोलीच्या मधोमध जास्वंद केली. सतरा दिवस लागले. तिला पाकळ्या सात आहेत. जास्वंदीला पाच असतात हे मला तेव्हा माहीत नव्हते. बाईंना माहीत होते, परंतु त्यांनी ते काम पुरे होऊन सिमेंट सुकल्यावर सांगितले. त्या तशाच आहेत. त्यामुळे सात पाकळ्यांची जास्वंद पुण्यात दुसऱ्या कुठल्याही घरात नाही. याशिवाय मी प्रत्येक फरशीत उंबऱ्याजवळ पांढऱ्या तुकड्यांची एक छोटी चंद्रकोर बसवतो. ती माझी सही.

यमुनाबाईंच्या आतल्या खोलीत गेल्या जुलैपासून राजनंदिनी, वय २६, मूळ राहणार यवतमाळ, ही भाड्याने राहते व खराडी येथे नोकरी करते. पती रणजित याच्या मारहाणीमुळे ती घर सोडून आली होती व ती पुण्यात आहे एवढेच माहेरी माहीत होते, पत्ता तिने तेथेही कोणास सांगितलेला नव्हता, ही माहिती मला घटनेनंतर मिळाली. घटनेपूर्वी मी तिला कधी पाहिलेले नाही.

जानेवारीत तिचा पगार वाढला. तिने लाल बूट घेतले आणि पायांचा फोटो काढून यवतमाळला धाकटी बहीण सृष्टी हिला पाठवला. त्यात बूट आणि बुटांच्या पुढे चार पाकळ्या एवढेच दिसते. तो फोटो रणजितने सृष्टीच्या मोबाईलमध्ये पाहिला. त्याच महिन्यात यमुनाबाईंनी आणखी एक खोली भाड्याने द्यायचे ठरवले. एजंट प्रज्ञेश याने घराचे चार फोटो काढून घरे दाखवणाऱ्या एका वेबसाइटवर टाकले. बाईंनी त्यास बजावले होते की नाव नको, घर नंबर नको, फोन नको. त्याने ते पाळले. जाहिरातीत 'नारायण पेठ, दुसरा मजला, फक्त नोकरदार महिलांसाठी' इतकेच होते. एकाही फोटोत माणूस नाही. पहिला फोटो माझ्या फरशीचा आहे. रणजितने पुण्यातल्या भाड्याच्या घरांचे फोटो एकामागून एक पाहत ती फरशी शोधून काढली, असे मला तपासात सांगण्यात आले.

शनिवार दिनांक ०७/०२/२०२६ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी घरी असताना अंदाजे तीस वर्षांचा, निळ्या शर्टातला, बोलण्यास अत्यंत नम्र असा एक इसम आला. तो रणजित, हे आज मला माहीत आहे. पेठेतल्या एका टाइल्सच्या दुकानदाराने फोटोतली चंद्रकोर पाहून त्यास माझ्याकडे पाठवले होते. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मिस्त्री, ही आपण केलीत? मी असं काम आजवर बघितलं नाही. एकदा डोळ्यांनी बघायची इच्छा आहे, कुठं आहे ही?"

माझ्या कामाविषयी असे विचारत दारात कोणी येऊन अकरा वर्षे झाली होती. मी त्यास इमारत सांगितली. मजला सांगितला, दार डावीकडचे म्हणून सांगितले. घंटा वाजत नाही, कडी वाजवा, बाईंना कमी ऐकू येते, हेही सांगितले. सातव्या पाकळीची हकीकत सांगितली. त्यास चहा दिला आणि हकीकत लांबली म्हणून आणखी अर्धा कप दिला. साधारण १०.३५ वाजता तो माझ्या पाया पडून गेला.

मी पत्नीस म्हणालो की बघ, अजून माणसे विचारत येतात. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "दर विचारला का त्यानं?"

त्याने दर विचारला नव्हता. खोली केवढी, माल कुणाचा, दिवस किती, काहीही विचारले नव्हते. पन्नासहून अधिक वर्षांच्या धंद्यात मला असा एकही माणूस भेटलेला नाही. ज्यास फरशी करायची असते तो आधी दर विचारतो, मग तो फार आहे म्हणतो आणि त्यानंतर फरशी बघतो. याला फक्त घर हवे होते. बाईंचा फोन नंबर मजकडे नसल्याने मी चप्पल घालून स्कूटर काढली.

मी ११.०५ च्या सुमारास इमारतीजवळ पोचलो. तिचा जिना दोन भिंतींमधून येतो व अरुंद आहे, सिमेंटची पोती वर चढवली असल्याने मला तो चांगला माहीत आहे. वरून ओरडण्याचा आवाज येत होता. रणजित एका मुलीस डाव्या मनगटास धरून खाली ओढत आणत होता. तिच्या एकाच पायात लाल बूट होता. मागून यमुनाबाई भिंत धरून एकेक पायरी उतरत होत्या. तो म्हणत होता की ही माझी बायको आहे, मध्ये पडू नका. बाई त्यास म्हणाल्या, "असेल. भाडेकरारावर मात्र तिचं एकटीचं नाव आहे. आपण कोण, ते मला बघावं लागेल."

मी जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसलो. माझे दोन्ही गुडघे कामामुळे गेलेले आहेत, एकदा बसलो की उठायला वेळ लागतो, तसे मी त्यास सांगितले. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसलो होतो. त्याने मला लाथ मारली ती उजव्या खांद्यास लागली. तळमजल्यावरच्या दवाखान्यातली माणसे येईपर्यंत व त्यांनी फोन करून पोलीस येईपर्यंत, म्हणजे सुमारे वीस मिनिटे, मी उठलो नाही. राजनंदिनीच्या मनगटाचे हाड मोडले आहे. ती वाचली. त्या इमारतीत मी सतरा दिवस केलेल्या कामापेक्षा हे वीस मिनिटांचे काम मोठे झाले, असे मला वाटते, आणि ते लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

आज मला बोलावण्याचे कारण वेगळे आहे. प्रज्ञेशने जाहिरात मागे घेतली तरी ते चार फोटो 'या भागातील पूर्वीची घरे' म्हणून वेबसाइटवर तसेच आहेत. ते काढा, असा राजनंदिनीने अर्ज केला. त्यावर कंपनीचे पत्र आले आहे. त्यात म्हटले आहे की फोटोत नाव, नंबर, चेहरा काही नाही, घराची माहिती ही घराची असते, ती कुणा माणसाची खाजगी माहिती होत नाही. तसेच सदर फरशीवरून कोणी ओळखले जाऊ शकते यास पुरावा काय, असे विचारले आहे. मॅडमनी पत्राचा अर्थ मला समजावून सांगितला. तो मला समजला व त्याचा रागही आला.

त्यानंतर दोन पंचांसमक्ष मला निरनिराळ्या फरश्यांचे अकरा फोटो टेबलावर मांडून दाखवण्यात आले. माणसांची ओळख परेड मी ऐकून होतो, फरशीची पहिल्यांदाच पाहिली. यमुनाबाईंची फरशी मी चष्मा लावण्याआधी ओळखली. याशिवाय त्यातील आणखी तीन फरश्या माझ्या आहेत, हे मॅडमना माहीत नव्हते. एक सदाशिव पेठेतल्या एका शिकवणीवाल्या सरांची. दुसरीत दारापासून कोपऱ्यापर्यंत तुकडे झिजले आहेत, तेथे शिलाई मशीन असे, बाई अजून शिवतात की नाही माहीत नाही. तिसरीत भिंतीकडेने चाकांच्या दोन रेघा आहेत, त्या घरातला मुलगा खुर्चीत बसून फिरतो. मी तिन्ही घरांची नावे सांगितली. एक पंच म्हणाले की मिस्त्री, आता बास. फोटोंत माणूस एकही नव्हता, तरी मी चार कुटुंबे सांगितली. कंपनीस पुरावा हवा असल्यास हा आहे.

माझे म्हणणे असे की, मी आयुष्यभर लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून काम केले आहे. कोण कुठे बसतो, कुठे नमाज पढतो, कुठे देव मांडतो, म्हातारी कुठली भिंत धरून चालते, हे फरशीवर उमटते. मालक दार उघडून मला आत घेतो तेव्हा तो हे सगळे माझ्या भरवशावर दाखवतो. एवढ्या वर्षांत मी एका घरातले दुसऱ्या घरात बोललो नाही, अशी माझी पुण्यात ख्याती होती. ०७ तारखेपर्यंत होती.

दिनांक ११/०२ रोजी मी यमुनाबाईंकडे जाऊन सांगितले की फरशी मी पैसे न घेता स्वतः फोडून देतो, वर साध्या टाइल्स बसवतो, म्हणजे पुन्हा कोणी ओळखणार नाही. बाईंनी राजनंदिनीकडे पाहिले. राजनंदिनीचा हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "काका, मी किती घरं बदलू? प्रत्येक घराला फरशी असणारच ना. ही राहू द्या. मीही इथंच राहते. फोटो त्यांनी काढायचे."

मग ती मला आतून पाण्याचा पेला घेऊन आली. येताना ती जास्वंदीवरून चालत न येता कडेने आली. बाईंनी सांगितले की ती पहिल्या दिवसापासून तशीच चालते. मी खाली पाहिले तेव्हा उंबऱ्याजवळचा एक तुकडा त्या दिवशीच्या झटापटीत निघालेला दिसला. तो मी दुसऱ्या दिवशी बसवून दिला. माझ्या हातची फरशी कुणीतरी इतकी जपत होते आणि मला ते ठाऊक नव्हते, याचा मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. दोन्ही लिहावे.

मला वाचता येते, तरीही मॅडमनी हा जबाब मोठ्याने वाचून दाखवला व नंतर मी स्वतः वाचला. एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली. 'मी सदर इसमास नकळत पत्ता दिला' असे टाइप झाले होते. मॅडम म्हणाल्या की राहू द्या, त्यात तुमचे नुकसान नाही. मी म्हणालो की मला घर कळत होते, दार कळत होते, बाईंना कमी ऐकू येते हेही कळत होते. 'नकळत' काढून तेथे 'फुशारकीने' असे लिहावे. चूक शोभेलशी करून लिहिली, तर वरचे सगळे खरे आहे हे कंपनी का म्हणून मानेल? मॅडमनी तो शब्द बदलला. पुढे वाचताना ते वाक्यच नको, झाले तसे ओळीने लिहा, असेही मीच सांगितले, म्हणून पत्ता, डावे दार आणि अर्धा कप चहा वर जसेच्या तसे आले आहे. आता माझ्या तोंडचे आहे तेच कागदावर आहे.

खाली सही केली आहे. सहीशेजारी चंद्रकोर काढली आहे. ती मी माझ्या प्रत्येक कामावर काढतो, आणि हेही माझ्याच हातून झालेले आहे.

जबाब देणार,
चांद बाबालाल गवंडी